सातवं उत्तर

डोळे मिटा पाहू. नको, थांबा, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा आणि माझ्यामागून या. पुढच्या खोलीतून जरा सांभाळून चाला. तिथे भिंतीला टेकून पाच-सहा पेट्या उभ्या आहेत, आणि त्या कपड्यांच्या नाहीत. घाबरू नका, सगळ्या रिकाम्या आहेत. पायाखाली रंध्याने काढलेली लाकडाची भेंडोळी, नाकात पॉलिशचा वास. मागचं दार ढकला. ही जेवायची खोली. टेबल जरा जास्तच लांब आणि अरुंद वाटतं ना? आणि त्याच्या दोन्ही अंगांना पितळी कड्या कशाला, असंही मनात आलं असेल. त्याचं असं झालं. एका आजारी गृहस्थांनी आपल्या मापाची पेटी आगाऊ सांगून ठेवली होती. ती तयार होत आली आणि गृहस्थ खडखडीत बरे झाले. आजोबांनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. एवढं चांगलं लाकूड वाया कसं घालवायचं, म्हणून आजीने झाकण लावून पेटीलाच चार पाय ठोकून घेतले, आणि एकोणीस वर्षं हे घर त्यावर जेवतंय. कड्यांना हात पुसायचे फडके अडकवतात.

बसलात? मग तिकडे कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघा. तिथे खुंटी बसली आहे. वय वर्षं तेरा. हे नाव आजोबांनी ठेवलं, कारण लहानपणापासून ती जिथे बसवाल तिथे घट्ट बसायची आणि उपटताना फार त्रास द्यायची. आज मात्र ती सैल झाली होती. दुपारचे दोन वाजले होते, रविवार होता, पोट भरलेलं होतं, आणि तरी तिच्या तळव्यांना घाम सुटला होता.

कारण टेबलाच्या मधोमध नमुन्याची पेटी ठेवली होती.

ही पेटी म्हणजे खऱ्या पेटीचं दीड वीत लांबीचं पिल्लू. गिऱ्हाइकाला कड्या कशा दिसतील, कडेची नक्षी कशी बसेल, हे दाखवायला आजोबांनी ती कधीकाळी बनवली. आजी तेव्हा चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायची. तिने त्या पेटीच्या झाकणाला फट पाडून घेतली आणि ती सरळ वर्गात नेऊन ठेवली. मुलांना जे मोठ्याने विचारायची लाज वाटेल ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि फटीतून आत सोडायचं. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी कुरकुर केली होती. "बाई, लहान मुलांच्या वर्गात असली पेटी?" आजी म्हणाली होती, "साहेब, त्यात प्रश्न घालायचेत, मुलं नाही." झाकणाच्या आतल्या बाजूला तिने सुताराच्या जाड पेन्सिलीने नियम लिहिला होता, आणि तो अजून पुसला गेला नव्हता: कोणी विचारलं ते विचारू नये.

आजीचे गुडघे गेले तेव्हा वर्ग आत्याकडे आला. आत्या आठवडाभर शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी देव. दोन्ही विषयांत तिला पायऱ्या गाळलेल्या चालत नसत. तिने पेटी ठेवली, आणि घरची जुनी पद्धतही ठेवली. रविवारी जेवण झालं की चिठ्ठ्या टेबलावर वाचायच्या, सगळ्या घराने डोकं लावायचं, आणि उत्तर घेऊन पुढच्या रविवारी वर्गात जायचं. नव्या पाळकांनी गेल्याच रविवारी एवढी भर घातली होती, की अयोग्य प्रश्न आधीच बाजूला काढायचे. आणि खुंटीला वाटलं होतं, काढायचेच आहेत तर आत्या ते आपल्या खोलीत बसून, एकटीच काढेल.

तिचा तोच अंदाज चुकला होता.

"गप्प बसा सगळे," आत्या म्हणाली आणि चष्मा नाकावर बसवला. "पहिली. 'स्वर्गात शाळा नसेल तर शिक्षक तिथे काय करतात?'"

"त्यांना तिथे घेतात हे कोणी ठरवलं?" बाबा म्हणाले. बाबा शववाहिका चालवायचे. दिवसभर मागच्या गिऱ्हाइकासमोर गप्प राहायचं म्हणून घरी आले की त्यांच्या जिभेला हाड नसायचं.

"फाडायची," आत्या म्हणाली.

"अगं, फाडतेस कसली? बरा आहे की प्रश्न," आजी म्हणाली. "ठेव ती."

"दुसरी. 'शेजारच्या मुलीने परीक्षेत स्वतःहून पेपर माझ्याकडे सरकवला. बघितला तर पाप आणि नाही बघितला तर तिला वाईट वाटेल. काय करू?'"

आई हसली. ती नर्स होती, सकाळीच पाळी संपवून तशीच उपासनेला आली होती, आणि हसतानाही तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. "तिला सांगा, वाईट वाटून कोणी दवाखान्यात येत नाही."

"तिसरी." आत्याने चिठ्ठी उघडली, मनात वाचली, आणि मग सावकाश मोठ्याने वाचली. "'वर्गात एका मुलाला सगळे त्याच्या बोलण्यावरून चिडवतात. मी चिडवत नाही. मी फक्त हसतो. चालतं ना?'"

आजोबांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"ह्याला काय सांगणार?" आजीने आत्याला विचारलं.

"वर्गाच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेत शेजाऱ्यावर प्रीतीचं उत्तर आहे. पाचवं."

"ते त्याला पाठ असणार. पाठ असून विचारतोय तो." आजीने हात पुढे करून चिठ्ठी घेतली आणि घडी नीट करून परत दिली. "त्याला विचार, की पुढच्या वेळी तू हसला नाहीस तर काय होईल असं वाटतं तुला? उत्तर त्यालाच देऊ दे. आणि हे सगळ्या वर्गाला विचार, म्हणजे तो एकटा पडायचा नाही."

आत्याने मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं. खुंटीला त्या क्षणी जरा धीर आला. मग आत्याने पुढची चिठ्ठी उचलली, आणि सगळ्यांच्या आधी आजोबाच म्हणाले, "हा कागद आपला."

मुलांनो, चूक म्हणाल तर ही एवढीच. या घरात कागद म्हणजे आजोबांच्या पेट्यांच्या कारखान्यातल्या मापाच्या चिठ्ठ्या. भाजीची यादी त्यावर, शाळेचा निरोप त्यावर, रागाने लिहिलेलं पत्रही त्यावर. खुंटीने सकाळी घाईघाईत हाताला आला तो कागद घेतला, अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, घडीवर घडी घातली, आणि पाठीमागे छापलेले तीन शब्द तिला दिसलेच नाहीत, कारण जन्मापासून रोज दिसत आलेली गोष्ट माणसाला दिसत नसते. लांबी. रुंदी. खोली.

आत्याने वाचलं. "'आमच्या घरातलं एक माणूस चर्चमध्ये नुसते ओठ हलवतं. आवाज काढत नाही. हे खोटं बोलणं झालं का?'"

खुंटी स्टुलावर बसल्या जागी लहान लहान होत गेली. आता सगळे वळून माझ्याकडे बघणार, असं तिला वाटलं. कोणीही बघितलं नाही. जो तो आपल्याच ताटाकडे बघत होता.

"हे बघा," बाबांनी घसा साफ केला, "मला गायन मंडळात तसं सांगितलेलंच आहे. मी आपण होऊन केलेलं नाही."

"काय सांगितलंय?" आत्याने विचारलं.

"मंडळाचे प्रमुख म्हणाले, तुमचं तोंड फार छान उघडतं, तेवढंच उघडत जा. तीन वर्षं झाली. मागच्या रांगेत उंच माणूस हवा होता त्यांना. पण हे घरातल्या कोणीतरी असं चिठ्ठीवर लिहून..."

"तुम्ही तीन वर्षं गात नाही आहात?" आईचे डोळे पूर्ण उघडले. "आणि मी शेजारणीला सांगते, तो खालचा भारदस्त आवाज आमच्या ह्यांचा!"

"तू कशाला सांगतेस? तू जागी असतेस तरी का?"

आई लाल झाली. "मी डोळे मिटून प्रार्थना करते."

"घोरत?"

"एकदाच घोरले! पाळी करून आलेलं माणूस उभ्या उभ्या झोपतं, त्यात काय? ओठ हलत राहतात माझे, मी तशी सवय लावून घेतलीय. आमेनला बरोबर जाग येते." मग तिने सासऱ्यांकडे मोर्चा वळवला. "आणि अण्णा, तुम्ही कशाला गालात हसताय? तुम्ही काय पुटपुटत असता ते मला ऐकू येतं. मी तुमच्याच शेजारी असते."

"झोपेत ऐकू येतं?" आजोबा म्हणाले.

"पाच फूट चार, खांदे अठरा! ही कुठली प्रार्थना?"

आजोबांनी प्रतिष्ठितपणे मिशी पुसली. "नजरेला सराव लागतो. पुढच्या दोन बाकांवरचे सगळे मला पाठ आहेत. उद्या वेळ आली तर त्यांच्या घरी रडारड चालू असताना मी टेप घेऊन उभा राहायला नको. ही पण सेवाच आहे."

"आणि पाळकसाहेब?" बाबांना राहवलं नाही.

"पाच सात. पण पोट वाढतंय, खोली वाढवावी लागेल."

आजी हसता हसता टेबलावर वाकली. बाबा कडी वाजवत हसायला लागले, आईसुद्धा हसली, आणि क्षणभर ही तिन्ही आरोपी माणसं एकमेकांची जिवलग झाली. हसली नाही ती आत्या. तिने चष्मा काढून वहीवर ठेवला.

"झालं हसून?" ती म्हणाली. "मी एकटीच या घरात मूर्ख आहे तर. मी प्रत्येक शब्द म्हणते. प्रत्येक रविवारी. प्रत्येक शब्दाचा अर्थ मनात आणून म्हणते. माझ्या एका बाजूला एक झोपलेलं असतं, दुसऱ्या बाजूला मापं चालतात, आणि समोर भाऊ मासा होऊन उभा. आणि मला वाटायचं, आपलं घर प्रार्थना करतंय."

हसू जागच्या जागी थांबलं. आत्याचं रागावणं सगळ्यांच्या सवयीचं होतं. आत्ता मात्र ती रागावली नव्हती. खुंटीला ते सहन झालं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "ते माणूस मी आहे."

आता मात्र सगळे वळले.

"तू?" आई म्हणाली. "तुला तर बाराच्या बारा उत्तरं पाठ आहेत. झोपेत म्हणतेस."

"पाठ आहेत. अकरा म्हणते. सातव्याला नुसते ओठ हलवते."

इथे तुम्हाला थोडं सांगायला हवं. या चर्चच्या मंडळीत मुलं तेराची झाली की त्यांचं दृढीकरण होतं. म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगायचा. लहानपणी आईबापांनी सांगितला होता, तो आता आपण सांगायचा. खुंटीचं पुढच्या रविवारी होतं. त्यासाठी एक जुनी निळी पुस्तिका होती, बारा प्रश्नांची. आज संध्याकाळी पाच वाजता पाळकसाहेब वर्गातल्या सहाही मुलांकडून उत्तरं शेवटची म्हणून घेणार होते. ज्याची बारा उत्तरं होतील तो उभा राहील, ज्याची राहतील तो वर्षभर थांबेल. आणि पुस्तिकेतला सातवा प्रश्न होता: तारण कोणाला मिळेल? उत्तर एका ओळीचं: या कळपाच्या आत असतील त्यांनाच, बाहेरच्या कोणालाही नाही. तारण म्हणजे मेल्यावर देवाच्या घरी जागा, आणि कळप म्हणजे ही मंडळी.

"सातव्यात अवघड काय आहे?" आत्याने विचारलं. "सगळ्यात लहान उत्तर आहे ते."

"बाहेरच्या कोणालाही म्हणजे टाचणीलाही ना?" खुंटी म्हणाली. "आणि मावशींना?"

टाचणी म्हणजे खुंटीची मैत्रीण, शाळेत एका बाकावर बसणारी. तिची आई, म्हणजेच मावशी, समोरच्या गल्लीत शिवणकाम करायची. ती या चर्चची नव्हती, कुठल्याच चर्चची नव्हती. पण आजोबांच्या प्रत्येक पेटीला आतून पांढरं साटिनचं अस्तर लागायचं, ते तिच्याच हातचं. उशीची झालर, कडेच्या चुण्या, सगळं. गेल्या पंधरा वर्षांत मंडळीतलं जे कोणी गेलं, ते या बाईने अंथरलेल्यावर डोकं टेकून गेलं.

"आपण सगळ्यांना आत पोचवायचं काम मावशींकडून करून घ्यायचं," खुंटी म्हणाली, "आणि मग मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणायचं, की त्यांना मात्र दार बंद. तेही त्यांनीच शिवलेला फ्रॉक घालून."

"शाब्बास," बाबा पुटपुटले.

"तू गप्प रहा, मासा," आत्या म्हणाली. मग ती खुंटीकडे वळली, आणि तिचा आवाज वर्गातला नव्हता. "हे बघ. सगळं पटल्यावरच म्हणायचं असं ठरवलं असतं तर मी एकही उत्तर म्हटलं नसतं. तुझ्याएवढी होते तेव्हा मला काय पटत होतं? म्हणत गेले, म्हणत गेले, आणि हळूहळू त्यातून मला धरायला काहीतरी मिळालं. वाईट दिवसांत तेच धरून उभी राहिले. तू एक उत्तर काढलंस की पुढचा दुसरं काढेल. मग उरेल काय?"

खुंटीने विचार केला. आत्या खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच अवघड होतं. "आत्या, सातवं म्हणताना तुझ्या मनात काय येतं? तू प्रत्येक शब्दाचा अर्थ मनात आणतेस ना?"

आत्याने चष्मा उचलला. चष्म्याची काडी उघडली, मिटली.

"सातव्याला मी कोणाचा चेहरा मनात आणत नाही," ती शेवटी म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून चपला वाजल्या आणि दारात शिंपीण मावशी उभी राहिली. हातावर पांढरा फ्रॉक आडवा, मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली. तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"एवढी शांतता? कोण गेलं? माप द्या, आजच बसते."

"कोणी गेलं नाही," आजोबा म्हणाले. "बस."

"मग बरं. चल गं खुंटे, स्टुलावर उभी रहा. खालची किनार तेवढी बघायचीय."

खुंटीने फ्रॉक अंगात घातला आणि स्टुलावर उभी राहिली. कापड कारखान्यातल्याच थानातलं होतं. आत्याने आधी त्याला नाक मुरडलं होतं, तेव्हा आजी म्हणाली होती, की थानाला काय माहीत कोण जिवंत आहे ते. मावशी खाली बसली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि किनार दुमडायला लागली. एरवी हे माप घ्यायला, फ्रॉक द्यायला टाचणीच यायची.

"मावशी, टाचणी का नाही आली?"

ओठांत टाचण्या असल्यामुळे मावशीने बोटानेच थांब म्हणून खूण केली. एक टाचणी लावली, दुसरी लावली. चौथी लागल्यावर म्हणाली, "नाही आली. परवा मला विचारत होती, आई, तिचं ते मोठं होण्याचं झालं की ती माझ्याशी बोलेल ना? मी म्हटलं, वेडी आहेस का. तर म्हणते, तिच्या निळ्या पुस्तकात आपल्याबद्दल आहे, मी वाचलंय. आता मी काय तुमचं पुस्तक वाचलेलं नाही. म्हटलं, मीच जाऊन विचारते."

कोणी तोंड उघडलं नाही. गायन मंडळातला माणूससुद्धा.

"आहे," खुंटी स्टुलावरून म्हणाली. "सातवं उत्तर. त्यात आहे की तुम्ही तिथे नसाल. मला ते आज पाच वाजता म्हणायचंय."

मावशीने वर बघितलं. मग किनारीवरचा एक दोरा तोडला. "माझं म्हणशील तर मी गिऱ्हाइकांना कधी विचारलं नाही, तुम्ही चाललात कुठे. अस्तराला सुरकुती नको, एवढंच मी बघते. पण टाचणीला काय सांगू? तिला सुरकुती पडलीय."

आत्या उठली. ती टेबलाला वळसा घालून आली, मावशीच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि फ्रॉकची मागची कड हातात धरली. "इकडची बाजू खाली येतेय," ती म्हणाली. "द्या, टाचणी मी लावते." तिच्या हाताने ती तिरकीच लागली. मावशीने मुकाट्याने काढून सरळ केली.

"ताई," मावशी म्हणाली, "तुमचं गणितच बरं."

आजीने नमुन्याची पेटी स्वतःकडे ओढली आणि झाकण उघडून आतल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं हा वर्ग घेतला. सातव्या उत्तराला काय व्हायचं मला?"

बाबांनी आणि आत्याने एकमेकांकडे पाहिलं. "खोकला," दोघं एकदम म्हणाली.

"दर वर्षी," बाबा म्हणाले. "आमच्या वेळीही झाला. सगळी मंडळी म्हणायची, माईंची छाती नाजूक आहे."

"छातीला काही झालं नव्हतं," आजी म्हणाली. "माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, स्वतःचं लग्न लांबणीवर टाकून. मी या घरात आले, या चर्चची झाले, आणि ती होती तशी, बाहेर राहिली. तिची पेटीसुद्धा झाली नाही, त्यांच्यात पेटी नसते. सातवं उत्तर आलं की ती समोर उभी राहायची. मग मी खोकायचे. तेवढ्यात मुलांचं म्हणून व्हायचं."

"माई!" आत्या तशीच जमिनीवर बसून होती. "तुम्ही मला ते शिकवलंत. माझ्याकडून घोकून घेतलंत!"

"घेतलं. कारण मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी असेल, तुमच्यात तरी नसावं." आजीने झाकण लावलं. "दोन पाळकांनी मला औषधं आणून दिली. एकाने मध दिला. चाळीस वर्षांत माई का खोकते, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असंही नाही. मी घाबरट होते."

"अगं, मला सांगायचंस," आजोबा म्हणाले.

"तुम्ही मापं घेत होतात."

खुंटी स्टुलावरून उतरली. "मग मी काय करू, आजी? खोकू?"

"ते मी सांगणार नाही," आजी म्हणाली. "माझ्याकडे एकच युक्ती होती, आणि तिला काय म्हणायचं ते तू चिठ्ठीत लिहिलंच आहेस."

"पण बारा झाली नाहीत तर मी रविवारी उभी राहणार नाही. वर्षभर थांबावं लागेल. सगळे विचारतील."

"विचारतील," आई म्हणाली. "मी जागी राहून उत्तरं देईन."

मावशीने टाचण्या गादीत खोचल्या आणि फ्रॉकची किनार उलटी करून दाखवली. आत चांगलं चार बोटं कापड दुमडलेलं होतं. "खाली एवढं ठेवलंय मी. पुढच्या वर्षी उभी राहिलीस तरी फ्रॉक आखूड व्हायचा नाही. फक्त जाडी होऊ नकोस."

पावणेपाचला आत्या आणि खुंटी निघाल्या. रस्ता दहा मिनिटांचा. दुकानं बंद होती, पत्र्यांच्या सावल्या फुटपाथवर लांब पडल्या होत्या. आत्याच्या एका हातात पुस्तिकांची पिशवी, दुसऱ्या बगलेत नमुन्याची पेटी. समोरून येणारा एक माणूस ती पेटी बघून पलीकडच्या बाजूला गेला. एरवी दोघी यावर हसल्या असत्या.

"मी तुझ्याशी सहमत नाही," आत्या मध्येच म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि ते पाळक वाईट नाहीत. नवे आहेत. त्यांना पुस्तिका दिली, ते विचारतात."

"हो."

"एवढंच सांगायचं होतं," आत्या म्हणाली, आणि बाकीचा रस्ता पेटी या बगलेतून त्या बगलेत करत राहिली.

चर्चच्या बाजूच्या खोलीत सहा खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. पाळकसाहेब समोर उभे राहिले, पाच फूट सात, खोली जरा जास्त. आत्या मागे, दाराजवळ. खुंटी शेवटच्या खुर्चीपाशी उभी राहिली. प्रश्न सुरू झाले. पहिला, दुसरा, तिसरा. सहा आवाज एकत्र उत्तर देत होते आणि पाळकसाहेब रांगेवरून नजर फिरवत होते, कोणाचे ओठ अडतात ते बघत. पाचव्याला एक मुलगा अडला, शेजाऱ्यावर प्रीतीच्या उत्तराला, आणि पुन्हा म्हणाला. सहावा झाला.

"तारण कोणाला मिळेल?"

"या कळपाच्या..." पाच आवाज निघाले, आणि त्याच क्षणी खोलीच्या मागून जोराचा खोकला आला.

फार वाईट खोकला होता. सराव नव्हता त्याला. मध्येच थांबला, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्याखाली ते एका ओळीचं उत्तर पार बुडून गेलं. खुंटीने वळून पाहिलं. आयुष्यात एकही पायरी न गाळलेली आत्या तोंडावर रुमाल धरून, कानापर्यंत लाल होऊन, भिंतीकडे बघत खोकत होती.

"पाणी घ्या, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "हवाच वाईट आहे. असू दे, झालं सातवं." त्यांनी पान उलटलं. "आठवा प्रश्न."

खुंटी खोकला पूर्ण थांबेपर्यंत थांबली. मग तिने हात वर केला.

"साहेब," ती म्हणाली, "माझं सातवं राहिलंय."